स्वर्गातून अर्पिलेला

धर्मग्रामाच्या कार्यालयातली स्नानसंस्काराची नोंदवही हे एक विलक्षण पुस्तक आहे. त्यात कथानक नाही, वर्णन नाही. आहेत ती केवळ नावे, तारखा आणि सह्या. १५६३ साली त्रेंतच्या विश्वपरिषदेने विवाहांच्या नोंदी ठेवण्याचे आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून घेण्याचे बंधन प्रत्येक धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूवर घातले. तेव्हापासून आम्हां धर्मगुरूंच्या हाती वेदीबरोबर दौतही आली. पावसाळ्यातल्या एखाद्या निवांत दुपारी जुन्या वह्या चाळताना माझे बोट हटकून आडनावांच्या रकान्यापाशी अडते. परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो, तुस्कानो. वसईकडच्या या आडनावांपैकी एकही वसईच्या मातीत उगवलेले नाही. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमदानीत आपल्या पूर्वजांनी स्नानसंस्कार स्वीकारला, आणि धर्मपित्याचे किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे आडनाव त्यांच्या घराण्याला लागले ते कायमचे. 'तुस्कानो'चा अर्थ तर 'तुस्कनीचा', म्हणजे चक्क इटलीतल्या एका प्रांताचा!

आडनाव हे असे दुसऱ्या कोणीतरी दिलेले असते. परंतु दिलेल्या आडनावांमध्येही एक आडनाव असे आहे की, त्याच्यासारखे दुसरे माझ्या वाचनात नाही. ते आडनाव आहे 'एको'.

उंबेर्तो एको हे नाव आपल्या वाचकांपैकी काहींनी ऐकले असेल. चौदाव्या शतकातल्या एका बेनेदिक्तीन मठातील गूढ मृत्यूंवर त्यांनी लिहिलेली 'द नेम ऑफ द रोज' ही कादंबरी १९८० साली इटालियन भाषेत प्रसिद्ध झाली आणि १९८६ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. मला हा लेखक आधी माहीत झाला तो मात्र कादंबरीकार म्हणून नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांच्या सौंदर्यविचारावर त्यांनी १९५४ साली तुरीन विद्यापीठात प्रबंध सादर केला होता. सेमिनरीत अक्वायनस शिकताना आम्हांला जो विषय प्राध्यापकांनी चार वाक्यांत उरकला, त्यावर बावीस वर्षांच्या एका तरुणाने अख्खा ग्रंथ रचावा याचे मला फार नवल वाटले होते. हा तरुण तेव्हा कॅथलिक युवक चळवळीतला धडाडीचा कार्यकर्ता होता. पुढे श्रद्धेपासून तो दूर गेला तो गेलाच.

एको यांचा जन्म ५ जानेवारी १९३२ रोजी पिएमाँत प्रांतातल्या आलेस्सांद्रिया या गावी झाला. त्यांचे आजोबा हे जन्मतःच टाकून दिलेले, आईबापांचा पत्ता नसलेले मूल होते. अशा मुलाला आडनाव कुठून आणायचे? ते देण्याचे काम पालिकेच्या कारकुनाचे. त्या कारकुनाने 'एक्स चेलिस ओब्लातुस' या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे घेतली आणि ई, सी, ओ मिळून 'एको' हे आडनाव लिहून टाकले. अर्थ, 'स्वर्गातून अर्पिलेला'. आपल्या आडनावाची ही व्युत्पत्ती एको स्वतः मोठ्या आवडीने सांगत असत.

ज्यांनी थोडेबहुत लॅटिन घोटले आहे त्यांना यातला 'ओब्लातुस' हा शब्द थबकवल्याशिवाय राहणार नाही. मिस्साबलिदानातल्या अर्पणाशी त्याचे सख्खे नाते आहे. संत बेनेदिक्त यांच्या नियमावलीतला ५९वा अध्याय आईवडिलांनी मठाला अर्पण केलेल्या बालकांविषयी आहे. बालकाचा हात व अर्जाचा कागद वेदीवरच्या वस्त्रात गुंडाळून ते मूल देवाला वाहिले जाई. अशा मुलांना 'ओब्लाती' म्हणत. उंबरठ्यावर सोडलेल्या मुलासाठी 'फेकलेला' किंवा 'सापडलेला' हे शब्द हाताशी असताना हा शब्द वापरणे म्हणजे सगळी घटनाच उलटी करून लिहिणे होय. आईने टाकले, असे या आडनावात नाही. कोणी तरी दिले, असे आहे. सरकारी नोंदवहीत, रोजच्या रटाळ कामाच्या ओघात, कोणा कारकुनाला हे सुचावे! आमच्या पेशातल्या अनेकांना ते सुचलेले नाही, हे मला पुढे सांगायचेच आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. टाकलेल्या मुलांसाठी मिलान शहरात दातेओ नावाच्या ज्येष्ठ धर्मगुरूंनी इ. स. ७८७ मध्ये आश्रयगृह उघडले. रोममध्ये अशी कथा सांगतात की, तिबेर नदीत जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना माशांऐवजी अर्भकांची प्रेते मिळू लागली, आणि ते पाहून व्यथित झालेल्या पोप तिसरे इनोसंट यांनी सांतो स्पिरितो रुग्णालयात अशा बालकांची सोय केली. पंधराव्या शतकात त्याच रुग्णालयाच्या भिंतींवर ही कथा चितारली गेली. पुढे इटलीभर जी सोय रूढ झाली तिला 'रुओता' म्हणजे चक्र म्हणत. भिंतीत बसवलेली लाकडी पिंपासारखी ती पेटी असे. बाहेरच्या बाजूने तिच्यात बाळ ठेवायचे, पेटी फिरवायची, घंटा वाजवायची आणि अंधारात निघून जायचे. आत जागी असलेली बाई बाळ उचलून घेई. ठेवणाऱ्याचे तोंड तिला दिसत नसे आणि तिचे तोंड ठेवणाऱ्याला.

नेपल्सच्या आनुन्झियाता या संस्थेतले चक्र सर्वांत प्रसिद्ध. तिथे आलेल्या बाळाला न्हाऊ घालून त्याच्या गळ्यात शिशाचे पदक बांधीत आणि अंगावरचे कपडे, सोबतची चिठ्ठी, माळ, जे असेल ते वहीत नोंदवून घेत. फ्लोरेन्सचे ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती, म्हणजे 'निष्पाप बालकांचे रुग्णालय', हे तर वास्तुकलेच्या इतिहासातले मानाचे नाव आहे. १४१९ साली ब्रुनेलेस्की यांनी त्याची उभारणी सुरू केली आणि १४४५ च्या फेब्रुवारीत पहिले बाळ तिथे आले. त्याच्या कमानींवरची आंद्रेआ देल्ला रोब्बिया यांची गोल शिल्पे, निळ्या पार्श्वभूमीवर कापडात गुंडाळलेली पांढरी बाळे, अनेकांनी चित्रांत पाहिली असतील. तिथल्या संग्रहात मला विशेष वाटतात ती मुलांसोबत आलेली अर्धी पदके आणि अर्धी नाणी. मधोमध तोडलेले पदक. अर्धे बाळाच्या गळ्यात, अर्धे आईजवळ. कधी तरी परत येऊन दोन्ही तुकडे जुळवून दाखवायचे आणि आपले मूल ओळखून न्यायचे, ही त्यामागची आशा. त्या संग्रहात अर्धे तुकडे पुष्कळ आहेत.

आणि आडनावे? नेपल्समध्ये 'एस्पोझितो'. मूळ लॅटिन 'एक्सपोझितुस', उघड्यावर ठेवलेला. रोममध्ये 'प्रोयेत्ती', फेकलेला. फ्लोरेन्समध्ये 'इन्नोचेंती'. सिएनामध्ये सांता मारिया देल्ला स्काला या रुग्णालयावरून 'देल्ला स्काला'. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर, म्हणून तिथल्या मुलांचे 'कोलोंबो'. दक्षिणेकडे 'त्रोवातो', म्हणजे सापडलेला. काही आडनावांत मात्र प्रार्थना आहे. 'दिओताल्लेवी' म्हणजे 'देव तुझे संगोपन करो'. हे नाव मुळात मध्ययुगातले आशीर्वादाचे नाव. रिमिनीच्या एका उमराव घराण्याचे ते आडनाव होते. त्या घराण्यातले बिशप फ्रांचेस्को दिओताल्लेवी १६१४ ते १६२१ या काळात पोलंडमध्ये पोपमहोदयांचे राजदूत होते, आणि राफाएल यांनी तरुण वयात काढलेले मारियामातेचे एक चित्र त्या घराण्याकडे होते म्हणून 'दिओताल्लेवी मादोन्ना' या नावाने ओळखले जाते. तेच आडनाव चक्रात सापडलेल्या बाळालाही शोभून दिसे. एको यांनी १९८८ सालच्या 'फूकोचा लंबक' या कादंबरीत याच नावाचे एक पात्र घातले आहे. त्याचे आजोबा टाकलेले मूल, आडनाव कारकुनाने दिलेले. आणि एवढ्या आधारावर तो गृहस्थ आपण ज्यू वंशाचे आहोत असे धरून चालतो, मित्र त्याची थट्टा करतात. लेखकाने स्वतःच्याच घराण्याकडे पाहून केलेला हा विनोद आहे, हे ध्यानात आल्यावर ते प्रसंग मला निराळेच वाटू लागले.

आता एक गंमत पाहा. एस्पोझितो हे आज नेपल्समधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे, आणि अवघ्या इटलीतही ते पहिल्या काही आडनावांत मोडते. एको मात्र अगदी विरळा. कारण उघड आहे. एकाच संस्थेने शतकानुशतके येणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच आडनाव दिले, तर ते आडनाव गावभर होणारच. दोन एस्पोझितो एकमेकांचे नातेवाईक नसतात. त्यांचे पूर्वज एका भिंतीच्या आड वाढले, एवढेच त्यांचे नाते. याउलट कारकुनाने एका मुलासाठी एकदाच घडवलेले आडनाव त्याच्या वंशापुरतेच राहते. त्याला मुले झाली तर ते जगते, नाही तर त्याच्याबरोबर कबरीत जाते. उंबेर्तो एकोंच्या आजोबांना तेरा मुले झाली म्हणून हे आडनाव तगले. आडनाव जितके दुर्मीळ तितके घराणे जुने आणि खानदानी, अशी आपल्याकडे समजूत असते. इथे ते बरोबर उलट आहे. दुर्मीळ आडनाव म्हणजे कालपरवाचे, ज्याच्या मागे एकच मूल उभे आहे.

एकेकट्या मुलासाठी आडनावे घडवण्याची ही रीत आली ती जुन्या आडनावांचा डाग पुसण्यासाठी. एस्पोझितो म्हटले की जन्माची कथा सर्वांना कळे. शाळेत, शेजारात, सोयरीक जुळवताना. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपल्सचा राजा म्युरा याच्या राजवटीत नवे एस्पोझितो निर्माण करण्यावर बंदी आली. मिलानमध्ये १८२५ नंतर 'कोलोंबो' देणे थांबले. मग कारकून मंडळींनी फुलांची, महिन्यांची, गावांची नावे आडनावे म्हणून वाटायला सुरुवात केली, आणि त्यात काहींची प्रतिभा फुलली, काहींची कुत्सित वृत्तीही. शिल्पकार विन्चेन्झो जेमितो यांची गोष्ट तर कारकुनाच्या लेखणीचीच आहे. १८५२ च्या जुलैत जन्माच्या दुसऱ्याच दिवशी ते आनुन्झियाताच्या चक्रात ठेवले गेले. त्यांना द्यायचे होते 'जेनितो', म्हणजे 'जन्मलेला'. लिहिताना एक अक्षर चुकले आणि झाले 'जेमितो', म्हणजे 'कण्हणे'. त्या चुकलेल्या अक्षराने ते जन्मभर सही करीत राहिले, आणि नेपल्सच्या कोळ्यांच्या पोरांची त्यांनी घडवलेली ब्राँझची शिल्पे त्याच नावाने जगाला ठाऊक झाली.

ख्रिस्तसभेने चक्र बसवले, हजारो बाळांना नदीपासून आणि उकिरड्यापासून वाचवले, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेच आहे. परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे नाही. आत आलेल्या मुलांपैकी फार मोठा भाग पहिल्या वाढदिवसापूर्वीच मरत असे. दूध पाजणाऱ्या दाया कमी, बाळे फार, आणि रोगराई. शिवाय अनेक मुली आपले बाळ स्वखुशीने ठेवत नसत. अब्रू राखण्यासाठी घरचे लोक आणि गावचे धर्मगुरूही त्यांना तसे करायला लावीत. बाळ आत घेताना दयाळू असलेले हात बाळ बाहेर काढायला लावताना कठोर असत, आणि पुष्कळदा ते हात एकाच झग्यातले असत. १८६७ साली फेरारा येथे पहिले चक्र बंद झाले, १८७५ साली नेपल्स आणि फ्लोरेन्सचे. देशभर ते १९२३ मध्ये रद्द करण्यात आले. कागदावरचा डाग त्यानंतरही राहिला. 'अमुक, एन. एन. यांचा मुलगा' असे दाखल्यावर लिहिले जाई, एन. एन. म्हणजे 'नाव ठाऊक नाही'. १९५५ च्या कायद्याने इटलीत दाखल्यावरून आईबापांच्या नावांचा तो रकानाच काढून टाकण्यात आला. २००० सालच्या नियमांत तर स्पष्ट म्हटले आहे की, आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला त्याचा जन्म सूचित होईल असे नाव वा आडनाव देऊ नये. त्या परिसरातल्या नामांकित घराण्याचेही देऊ नये.

नेपल्सचे चक्र बंद झाले त्याच १८७५ साली आपल्या पंढरपुरात टाकलेल्या बालकांसाठी आश्रम सुरू झाला, हा केवळ योगायोग. त्याच्या एक तप आधी, १८६३ मध्ये, महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. तिथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले आणि नवे आडनाव शोधत न बसता आपले स्वतःचे दिले. तो मुलगा यशवंत फुले.

हे सारे मी कुतूहलापोटी वाचत आलो हे खरे, पण त्यामागे एक प्रसंगही आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या एका दांपत्याने एका संस्थेतून मुलगी दत्तक घेतली होती. ती शिकली, नोकरीला लागली, चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागली आणि तिचे लग्न ठरले. मुलाला सर्व ठाऊक होते. त्याला त्याचे काहीच वाटत नव्हते. त्याचे एक वडीलधारे नातेवाईक मात्र माझ्याकडे आले. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर आईवडील म्हणून जी नावे होती त्यांवर त्यांनी बोट ठेवले आणि आवाज खाली आणून विचारले, "फादर, हे आडनाव तर घेतलेलं झालं. मूळचं काय, ते वहीत असेल ना?"

मी म्हणालो, "काका, आपलं मूळचं कोणतं, सांगता का?"

ते गृहस्थ आमच्याकडच्या एका मोठ्या पोर्तुगीज आडनावाचे. त्यांचा त्या आडनावाचा अभिमान गावात सर्वश्रुत होता. क्षणभर त्यांना प्रश्न कळला नाही, मग कळला. दाखल्याची घडी करून ते उठले. ते रागावून गेले की विचार करीत गेले, हे मला आजवर उमगलेले नाही. पुढच्या तीन रविवारी मिस्सेमध्ये त्या लग्नाची घोषणा झाली आणि कोणीही हरकत घेतली नाही. लग्नाच्या जेवणावळीत काका माझ्यासमोरच्या ओळीत बसले होते, पण माझ्याशी बोलले नाहीत.

त्या मुलीने मात्र एकदा मला विचारले होते, "फादर, ज्यांनी मला सोडलं त्यांना मी काय म्हणायचं?" धर्मविधिसंहितेचे ८७०वे कलम सांगते की, टाकलेल्या बालकाचा स्नानसंस्कार आधी झाला असल्याचे शोध घेऊन सिद्ध झाले नाही, तर त्याला तो द्यावा. ८७७वे कलम दत्तक मुलाची नोंद कशी करावी ते सांगते. तिच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच कलमात नाही. मी तिला फ्लोरेन्सच्या अर्ध्या पदकांविषयी सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग एवढेच म्हणाली, "म्हणजे दुसरा तुकडा कुणाकडे तरी असतो."

एको यांच्याकडे परत वळतो. श्रद्धेपासून दूर गेलेल्या या माणसाने १९९५-९६ मध्ये मिलानचे कार्डिनल कार्लो मारिया मार्तिनी यांच्याशी जाहीर पत्रव्यवहार केला. श्रद्धा नसलेला माणूस कशावर विश्वास ठेवतो, असा त्या पत्रांच्या पुस्तकाचा विषय. ती पत्रे सौजन्याने ओथंबलेली आहेत. आमच्या धर्मग्रामातल्या बैठकांमध्ये एवढे सौजन्य क्वचित आढळते. 'स्वर्गातून अर्पिलेला' हे आडनाव लावणारा माणूस स्वर्गाविषयी साशंक होता, याचे मला दुःख होते. तरी ते आडनाव त्याने थट्टेने का होईना, सांगत राहिले, याचे बरे वाटते.

आणि ते आजोबा! आईबापांचे नाव नसलेला हा माणूस व्यवसायाने छापखान्यात अक्षरे जुळवणारा होता. दुसऱ्यांची नावे शिशाच्या खिळ्यांनी जुळवण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्तीनंतर तो घरी पुस्तकांची बांधणी करी. त्याचा मुलगा, उंबेर्तोचा बाप, तेरा भावंडांतला. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून तो रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानापाशी उभा राहून वाचत असे. दुकानदाराने हाकलले की पुढच्या दुकानापाशी जाऊन तेच पुस्तक पुढे चालू. आजोबा वारले तेव्हा लोकांनी बांधणीला दिलेली आणि परत न नेलेली पुस्तके घरात पडून होती. ती एका खोक्यात भरून तळघरात ठेवण्यात आली. लहानग्या उंबेर्तोला कोळसा आणायला तळघरात पाठवत. एके दिवशी त्याने ते खोके उघडले. आत मार्को पोलोचा प्रवास होता, डार्विन होता, समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या साहसांची एक सचित्र पत्रिका होती. कोळसा वर यायला त्या दिवसापासून उशीर होऊ लागला.